काकांचे ऑर्किड



"कार्यक्रमात खुर्च्या मांडता, हिशेब लिहिता, मग एखादे पान लिहायला काय होते?" असे संपादकांनी तीन वेळा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा सौजन्य जरा कमी झाले होते. म्हणून लिहायला बसलो. आम्हां दोघांकडे लिहिण्यासारखे फार काही नाही. एका झाडाची गोष्ट आहे, आणि त्या झाडापायी आम्ही एका वडीलधाऱ्या माणसाशी खोटे बोललो ती गोष्ट आहे. दोन्ही एकत्रच सांगाव्या लागतील.

आमच्या शारजाच्या इमारतीत आमच्याच मजल्यावर एक काका-काकू राहत. जुन्या सभासदांना ते ओळखू येतील, पण नाव लिहीत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ इथे काढून, काकांची नोकरी संपल्यावर, २०२३ च्या मार्चमध्ये ते श्रीवर्धनकडे आपल्या घरी परत गेले. इथून परत जाणाऱ्या घराचे काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. फ्रीज एकाकडे, सोफा दुसऱ्याकडे, डबे-बरण्या जो मागेल त्याच्याकडे. आमच्या वाटेला काकांचे ऑर्किड आले. मुलगी कॅनडाला गेली त्या आठवड्यात काकांनी ते झाडांच्या बाजारातून आणले होते, पांढऱ्या फुलांचे, मध्ये जांभळा ठिपका असलेले. काका ते स्वतःच्या हाताने घेऊन आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सहा पानं आहेत. आठवड्यातून एकदा पाणी. लाड करायचे नाहीत."

आमच्यापैकी एकीकडे रसायनशास्त्रातली डॉक्टरेट आहे आणि पोट पाण्याच्या प्रयोगशाळेवर चालते. दुसऱ्याकडे इंजिनियरिंगची पदवी आहे. एवढ्या शिक्षणाला आठवड्यातून एकदा पाणी घालणे कठीण जाऊ नये. वर्षभर गेलेही नाही. २०२४ च्या जानेवारीत झाडाला दांडा आला, नऊ फुले आली.

मग १६ एप्रिल २०२४ चा मंगळवार उजाडला. त्या दिवसाच्या पावसाबद्दल या पानांवर भरपूर लिहून झाले आहे. १९४९ पासून इथे नोंदी ठेवल्या जातात, त्यातला तो सर्वांत मोठा पाऊस. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, तो ज्यांनी अंगावर घेतला आहे ते या आकड्याला हसतील. पण मुंबईला गटारे तरी आहेत. वाळवंटातल्या शहरात एवढे पाणी जाणार कुठे?

त्या सकाळी मात्र आम्हांला यातले काही ठाऊक नव्हते. आभाळ काळे झाले, पहिला थेंब पडला आणि कोकणातल्या माणसाने जे करावे तेच आम्ही केले. घरातल्या सगळ्या कुंड्या उचलून गॅलरीत मांडल्या. बिचाऱ्यांनी वर्षानुवर्षे समुद्राचे उकळलेले-गाळलेले पाणीच प्यायलेले, आज खरा पाऊस मिळू दे! काकांचे झाड अर्थातच सर्वांत पुढे. ते ज्या शोभेच्या कुंडीत ठेवले होते तिला खाली भोक नव्हते, हे त्या उत्साहात कुणाच्या लक्षात आले नाही.

रात्री वीज गेली. लिफ्ट बंद, पंप बंद. खाली रस्त्यावर मांडीएवढे पाणी. पुढचा आठवडाभर मजाझ आणि कासिमियातल्या इमारतींमधून मंडळाच्या लोकांनी पाण्याच्या बाटल्या, दूध आणि औषधे जिन्याने वर चढवली. त्यात आम्हीही होतो. अकराव्या मजल्यावरच्या आजींना इन्सुलिन पोचवून खाली आलेला माणूस गॅलरीतल्या कुंड्यांचा विचार करीत नाही. नवव्या दिवशी आठवण झाली. शोभेची कुंडी काठोकाठ भरलेली होती आणि झाड त्यात बसलेले होते.

पाणी ओतून टाकले आणि झाड आत आणले. आणि इथे खरी चूक केली. पावसाची चूक माफ करता येईल, पण ही नाही. पाने मलूल झाली होती, सुरकुतली होती. मलूल पान दिसले की माणूस काय करतो? पाणी घालतो. आम्ही तीन आठवडे घालत होतो. पाने आणखी सुरकुतली, आणखी पाणी. प्रयोगशाळेत एखाद्या मदतनिसाने असा तर्क चालवला असता तर आम्ही त्याला परत पहिल्या पानापासून वाचायला लावले असते. झाड तहानलेले होते हे खरे, पण पाणी नव्हते म्हणून नव्हे. पाणी पिण्याचे अवयवच उरले नव्हते.

मेच्या अखेरीस झाड उचलून पाहिले तर ते हातात आले, नुसते. मुळांच्या जागी काळ्या पोकळ नळ्या. चिमटीत धरल्या की साल सुटून हातात राही आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरे. एकही मूळ जिवंत नव्हते.

असे का झाले ते थोडे सांगतो, कारण हल्ली आपल्याकडे वास्तुशांतीला, वाढदिवसाला आणि मंडळाच्या पाहुण्यांनाही हेच झाड दिले जाते आणि पुष्कळ घरांत ते असेच मरते. बाजारात मिळते ते बहुधा फॅलेनॉप्सिस. ब्लूम नावाच्या शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये पतंगासारख्या फुलावरून हे नाव ठेवले. आग्नेय आशियातल्या ओल्या जंगलांत ते झाडांच्या फांद्यांवर वाढते. जमिनीशी त्याचा संबंध नाही. त्याची मुळे हवेत लोंबतात. मुळावर मेलेल्या पेशींचा एक पांढुरका थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. पावसाची सर आली की हा थर टीपकागदासारखा पाणी शोषतो, आतला हिरवा रंग दिसू लागतो, आणि सर गेली की पुन्हा रुपेरी होतो. रुपेरी दिसले की पाणी द्यावे, हिरवे असेल तर हात आवरावा. इतके सोपे आहे. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. पाण्यातून ऑक्सिजनचा प्रवास हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू होतो, आणि २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात तो विरघळून राहतो फक्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास. भरलेल्या कुंडीत तेवढा संपला की मूळ गुदमरते. बुरशी आणि जिवाणू त्यानंतर येतात, उत्तरक्रियेला.

आता जूनची हकिगत. ही आम्हांला वगळायची होती, पण संपादकांनी "खरे ते लिहा" असे बजावले आहे. पहिला उपाय आमच्या यांनी केला: साखरेचे पाणी. "रुग्णाला ग्लुकोज लावतात की." दुसरा उपाय डॉक्टरेटने केला: चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट. तो जरा जास्त शास्त्रीय वाटला, इतकेच. तिसरा उपाय हायड्रोजन पेरॉक्साइड. बुडाशी ओतले की छान फेस येतो आणि काहीतरी होते आहे असे वाटते. फेस येतो तो जिवंत पेशीतल्या कॅटलेज या विकरामुळेही येतो. म्हणजे फेस पाहून रोग गेला की उरलेला जीव गेला, हे कळत नाही. ते ज्यांना माहीत असायला हवे होते त्यांनीच ओतले. जून संपेपर्यंत सहाची तीन पाने झाली.

आणि दर रविवारी श्रीवर्धनहून फोन येई.

काकांचे विसरणे एव्हाना वाढले होते. आधी चष्मा, मग पेपर वाचला की नाही, मग जावयाचे नाव. काकू हे सगळे हसत सांगत, पण आवाज तसा नसे. फोन शेवटी काकांकडे जाई आणि ते विचारीत, "माझं झाड कसं आहे?" आमची नावे त्यांना आठवत नसत. मुलगी कुठे असते तेही कधीकधी नसे आठवत. झाड आठवे. आम्ही म्हणायचो, "मस्त आहे, काका." एकदा म्हटले की पुढच्या रविवारी तेच म्हणावे लागते. जुलैच्या पहिल्या रविवारी काकू म्हणाल्या, "अगं, एक फोटो पाठव ना. त्यांना दाखवते. दिवसभर झाड झाड करतात." आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग जुन्या फोटोंतला एक, भरगच्च सहा पानांचा आणि नुकता दांडा फुटलेला, निवडून पाठवून दिला.

दहा मिनिटांत फोन आला. या वेळी काकू एकट्या होत्या.

"फोटो छान आहे. पण मागे भिंतीवर कालनिर्णय दिसतंय. डिसेंबर २०२३."

यावर कोणी काय बोलणार? सगळे सांगितले. गॅलरी, पाऊस, तीन आठवड्यांचे पाणी, साखर, सगळे. रागावतील असे वाटले होते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग विचारले, "मधला कोंब हिरवा आहे ना? बुडखा दाबून बघ. कडक आहे की मऊ?" कडक होता. "मग रडताय कशाला?"

मग त्यांनी निसर्ग वादळाचे सांगितले. ३ जून २०२० ला ते वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. सुपारीच्या आणि नारळीच्या वाड्या आडव्या झाल्या, ते आपण तेव्हा टीव्हीवर पाहिलेच. त्यांच्या भावाच्या आवारातला जुना आंबा मोडला. त्या आंब्यावर सीतेची वेणी होती. आपल्या मंडळींत पुष्कळांनी ती पाहिली असेल. मे-जूनच्या सुमारास आंब्याच्या खोडावरून गुलाबी-जांभळे तुरे लोंबतात, खरेच वेणीसारखे. तेही ऑर्किडच, आमरी म्हणतात ते. गावात कोणी त्याला बांडगूळ समजून तोडते, पण बांडगूळ फांदीत घुसून रस पिते. आमरी फांदीवर नुसती बसते, काही घेत नाही. तर वादळानंतर आंबा कापणाऱ्या माणसांनी ती खरवडून फेकून दिली होती. उन्हात आठ दिवस पडलेली, मुळे तुटलेली. भावाने ती काथ्याने फणसाच्या खोडाला बांधली, उत्तरेच्या बाजूला. "खाली माती नाही, शेण नाही, पाणीसुद्धा घातलं नाही त्याने," काकू म्हणाल्या, "नुसती पावसाळी हवा. दोन वर्षं तशीच होती. मग धरली." आणि शेवटी, "यांना मी काही सांगणार नाही. पण मला आता खोटं सांगू नका."

पाणी नको, हवा ओली हवी. ज्या माणसांनी बाष्पदाबावर परीक्षा दिल्या त्यांना हे श्रीवर्धनहून फोनवर कळावे लागले. सुरकुतलेल्या पानातून पाणी उडत असते, आणि मूळ नसल्यामुळे भरपाई होत नाही. भोवतालची हवा ओलीगच्च ठेवली की उडणे थांबते आणि झाडाला नवे मूळ काढायला उसंत मिळते. त्यात हे झाड दिवसा पर्णरंध्रे मिटून घेते आणि रात्री उघडते. म्हणजे आमचा एसी रात्रभर खोलीतली हवा कोरडी करीत असे, नेमक्या त्याच वेळी. गॅलरीत हवा दमट असते, पण जुलैत तिथे माणूससुद्धा शिजतो.

मग जे केले ते असे. ब्लेड ज्योतीवर तापवून सगळी मेलेली मुळे कापली. बुडखा आतून स्वच्छ हिरवट-पांढरा दिसेपर्यंत एक-दोन चकत्या काढल्या. कापलेल्या जागेवर दालचिनीची पूड लावली. ती बुरशीला आवरते आणि जखम सुकवते. पण एक सांगून ठेवतो, जिवंत मुळावर ती लावू नका, मूळही सुकवते. झाड दोन दिवस तसेच सावलीत ठेवले. मंडळाच्या दिवाळी फराळाचा एक मोठा पारदर्शक डबा घरी उरला होता, त्याच्या तळाशी स्फॅग्नम नावाचे वाळवलेले शेवाळ भिजवून, मुठीत घट्ट पिळून पसरले. पिळल्यावर थेंब पडता कामा नये. झाड त्यावर खोचले नाही, वाटीच्या आधाराने जरा वर टेकवले, बुडखा ओल्याजवळ पण ओल्यात नाही. झाकण लावले. डबा पूर्वेच्या खिडकीजवळ, जाळीच्या पडद्यामागे, एसीचा झोत लागणार नाही असा. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे झाकण काढायचे. पोंग्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, कोंब कुजला तर खेळ खलास.

पाण्याबद्दल विचाराल तर ते आमच्या धंद्याचेच आहे. इथले नळाचे पाणी म्हणजे क्षार काढलेले समुद्राचे पाणी, त्यात पुन्हा थोडे खनिज घातलेले. माणसाला उत्तम. जुलैत मात्र गच्चीवरच्या टाकीतून ते असे येते की थंड नळाखाली हात भाजतो. आपण सगळे उन्हाळ्यात गीझर बंद ठेवून त्याच्यातलेच पाणी थंड म्हणून वापरतो, तीच युक्ती. आम्ही एसीच्या नळीचे पाणी वापरले. ते हवेतल्या बाष्पाचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. साठवून ठेवू नये, नळीत शेवाळ धरते, आणि पिऊ तर मुळीच नये.

मुळे फुटण्याची संप्रेरके मिळतात, ऑक्झिन जातीची. आम्ही वापरली नाहीत. एकतर प्रयोगशाळेची बाटली घरी आणायची नाही हा आमचा नियम आहे. दुसरे, साखरेनंतर आम्हांला स्वतःच्या हाताचीच भीती वाटू लागली होती. बाजारात ऑर्किडसाठी म्हणून एक मलम मिळते ते सायटोकायनिनचे असते. त्याने कोंब फुटतात, मुळे नव्हे. मूळ नसलेल्या झाडाला आणखी कोंब म्हणजे पगार थांबलेल्या घरी पाहुणे.

२० जुलैला आम्ही सुट्टीसाठी भारतात निघालो. डबा शेजारच्या मल्याळी चेचीकडे ठेवला, "उघडू नका, पाणी घालू नका" असे सांगून. परत आल्यावर त्या म्हणाल्या, दोन मुलं आणि मांजर सांभाळणं याच्यापेक्षा सोपं होतं. काही न करणे सर्वांत अवघड, आणि ते त्यांनी पाच आठवडे केले. मध्ये एक पान पिवळे पडून गळले होते. उरली दोन.

७ सप्टेंबरला गणपती बसले. त्या धावपळीत डबा पाच-सहा दिवस उघडलाच नाही. उघडला तेव्हा खालच्या पानाच्या बगलेत एक हिरवा टोकदार फुगवटा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. कोंब असेल म्हणून आम्ही आनंद आवरून धरला. आठवड्याने तो खाली वळला आणि त्याच्यामागे रुपेरी थर दिसू लागला. मूळ! रात्री साडेदहा वाजता काकूंना फोन केला, भारतात बारा वाजून गेले आहेत हे विसरून. त्यांनी घाबरून उचलला. ऐकून म्हणाल्या, "बरं झालं. आता पाणी घालाल. घालू नका."

याच काळात ऑर्किडविषयी जे मिळेल ते वाचत होतो. त्यात कळले की या देशाचे स्वतःचे एक रानटी ऑर्किड आहे. फुजैराच्या डोंगरात, वादी वुरायासारख्या पाझर असलेल्या जागी उगवणारे, एपिपॅक्टिस व्हेराट्रिफोलिया. माव्याचे किडे घाबरल्यावर जो वास सोडतात त्याच्यातलीच पाइनीन, मायर्सीन ही रसायने हे फूल सोडते. माव्यावर पोसणाऱ्या अळ्यांच्या माश्या त्या वासाने फसून अंडी घालायला येतात आणि परागीभवन करून जातात. रसायनशास्त्राचा असा खोटेपणा आमच्या फोटोपेक्षा पुष्कळ सरस. आम्ही ते अजून प्रत्यक्ष पाहिलेले नाही. आणि हो, कोणी गावाहून सीतेची वेणी बॅगेत घालून आणायचा विचार करीत असाल तर करू नका. साइटीस करारात ऑर्किडचे सगळे कूळच येते, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. ती आंब्यावरच बरी.

२०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत तीन मुळे झाली, सर्वांत मोठे बोटाएवढे. मग झाड डब्यातून काढून, भोके असलेल्या पारदर्शक कुंडीत, पाइनच्या सालीच्या तुकड्यांत लावले. मधून नवे पान निघाले. सुरकुतलेली जुनी दोन पाने काही सरळ झाली नाहीत, ती तशीच राहतात. मार्चमध्ये आम्ही धीर करून व्हिडिओवर काकांना झाड दाखवले. खरे झाड, खऱ्या तारखेचे. मागे भिंतीवर कालनिर्णयही होते.

काकांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "हे माझं नाही. माझ्याला सहा पानं होती."

आम्ही गप्प. काकूंनी फोन आपल्याकडे वळवला नाही, तसाच धरून ठेवला. मग काका म्हणाले, "किती आहेत?"

"तीन, काका."

"मोजत जा," ते म्हणाले.

तेव्हापासून रविवारी आकडा सांगतो. सध्या चार आहेत, पाचवे सुईएवढे दिसते आहे. दांडा नाही आणि इतक्यात येऊ नये अशीच आमची इच्छा आहे. अशक्त झाडाला फुले झेपत नाहीत. काका कधी आकडा ऐकून "हं" म्हणतात, कधी कुणाचे झाड म्हणून विचारतात. मग काकू त्यांना आमची नावे सांगतात आणि आम्ही पुन्हा आकडा सांगतो.

आता कामाचे. सुट्टीला जाताना ज्यांना आपली ऑर्किडे कुठे ठेवायची हा प्रश्न आहे त्यांनी ती मंडळाच्या ग्रंथालयाच्या दिवशी आणून द्यावीत, आमच्या खिडकीत आठ-दहा मावतील. शोभेची कुंडी घरीच ठेवावी. मुळे गेलेली असली तरी टाकू नका, आधी बुडखा दाबून पाहा. फराळाचे रिकामे पारदर्शक डबेही हवे आहेत, झाकणासकट.